वानेरीचा ढेकर आणि गायरानातले पाच डबे

मु. खडकमाळ, ता. लोहा, जि. नांदेड
फेब्रुवारी महिना, बाजाराचा आदला दिवस

राजमान्य पाव्हणे व्यंकटराव यांस,

अहमदपूरच्या दिशेनं तोंड करून शेषेरावचा रामराम. पत्र बघून घाबरू नका, इकडे सगळे धडधाकट आहेत. (आजकाल पोस्टमन दारात उभा राहिला की माणूस आधी बँकेची नोटीस समजतो. हे नुसतं पत्र आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? सरजावहिनींची शिंक थांबली का? मागे आलो तेव्हा त्या तुरीच्या भुसकटानं अशा शिंकत होत्या की शेजारची कोंबडी अंड्यावरून उठली. आता तुम्ही विचाराल की खिशात फोन असताना हा माणूस कागद का खराब करून राहिला. त्याचं कारण तुमची बहीण. सिंधूनं फोन कायम स्पीकरवर ठेवायचा नियम केला आहे. दादाचा आवाज चुलीपर्यंत ऐकू आला पाहिजे, असं तिचं म्हणणं. तेव्हा जे चुलीपर्यंत जाऊ नये ते लिहूनच कळवावं लागतं.

तर बातमी अशी की गावात नवा नियम झाला आहे आणि त्याची झळ थेट आमच्या गोठ्याला लागली आहे. गायरानात यापुढे घरटी दोनच जनावरं चरायला सोडायची. आमच्या दावणीला तीन आहेत. लाल कंधारी बैलांची जोडी, आणि लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला तुमच्या वडिलांनी सिंधूसोबत जी देवणी गाय धाडली होती तिची नात, वानेरी. अंगानं पांढरी, गालांवर काळी. (देवणीचं कौतुक तुमच्या तोंडून भरपूर ऐकलं आहे, परत नको.) वानेरी आता म्हातारी झाली, दूध आटलं, गाभण राहायचे दिवस गेले. बैल कमी केले तर शेत कोण ओढील? आणि वानेरी कमी करायची म्हणजे तिला कुठं न्यायचं? म्हाताऱ्या गाईला बाजारात कोण कशासाठी घेतं हे तुम्हाला मी सांगायला नको. ते मी जिवंत असेपर्यंत होणार नाही. या एका प्रश्नानं माझं जेवण गोड लागेनासं झालं आहे. पण हा नियम आला कुठून ते आधी ऐका, कारण तो येण्यात तुमच्या मेहुण्याचा मोठा हात आहे.

मागच्या पावसाळ्याआधी विद्यापीठातून सुकन्या मॅडम नावाची एक मुलगी गावात आली. वय आमच्या लेकीएवढं, पूनमएवढं, मूळची कोकणातली, डोक्यावर मोठी टोपी आणि जीपमध्ये पांढऱ्या प्लास्टिकचे डबे. तिनं ग्रामपंचायतीच्या परवानगीनं गायरानाचे तीन तुकडे तारेनं बंद केले. एकात गुरांची दाटी करायची, दुसऱ्यात मोजकीच सोडायची, तिसऱ्यात एकही नाही. मग गवत किती उरतं, मुळं किती खोल जातात, आणि मातीतून, शेणातून, गुरांच्या तोंडातून कोणता वायू किती उठतो, हे पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत बघायचं. डबा जमिनीवर पालथा घालायचा, आत साठलेली हवा सुईनं ओढून बाटलीत भरायची आणि ती बाटली तपासायला धाडायची. आमच्या गावात विहिरीचं पाणी तपासायला न्यायला कोणी आलं नव्हतं, आणि ही हवा घेऊन चालली, म्हणून लोक गोळा झाले.

पहिला घोळ दाटीच्या तुकड्यावरून झाला. तिथं आपलं जनावर द्यायला कोणी तयार होईना. जो तो म्हणे, आमची गाय नाजूक आहे, तिला गर्दी सोसत नाही. (ही नाजूक गुरं दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरतात तेव्हा काटेरी कुंपण मोडून शिरतात.) शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. वानेरीची चिठ्ठी नेमकी दाटीत निघाली आणि घरी माझी शाळा भरली. माहेरची गाय, आणि ती गर्दीत उभी राहणार? दुसऱ्या दिवसापासून सिंधू गायरानाकडे जाताना पदराखाली हिरव्या गवताची पेंढी नेऊ लागली. एकदा मीही मागोमाग निघालो. तारेपाशी पोचलो तर तिथं आणखी पाच-सहा बायका पदर सावरून उभ्या, प्रत्येकीचं पोट पुढं आलेलं. मॅडमच्या हिशोबानं त्या तुकड्यातली गुरं वाळायला हवी होती. ती मात्र मजेत. आपलं काय चुकलं म्हणून ती बिचारी पुस्तकं चाळत बसायची.

मला स्वतःला वेड लागलं ते ढेकराचं. एकदा मॅडमला चहा दिला आणि विचारलं की हा वायू गाय सोडते तरी कुठून. माझी समजूत होती की मागून. ती म्हणाली, "न्हाई काका, बहुतेक सगळा पुढून. ढेकरातून." (चार महिन्यांत कोकणातली मुलगी 'न्हाई' म्हणायला शिकली, आपल्या पाण्याचा गुण.) गाईच्या पोटात चारा आंबतो, त्यातून मिथेन नावाचा वायू होतो, तो वर आभाळात साठतो आणि पृथ्वीची उष्णता आत कोंडून धरतो. मी जन्मभर गुरं वळली, पण गाय ढेकर देते हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्या दिवसापासून संध्याकाळी वानेरीसमोर पोतं टाकून बसू लागलो. खरं सांगतो पाव्हणे, बघण्यासारखी गोष्ट आहे. रवंथ करता करता ती थांबते, गळ्याखालून एक लाट वर सरकते, तोंड जरासं उघडतं, आणि मग ती बाजूला बघते, काही झालंच नाही अशी. मालकासमोर ढेकर दिल्याची लाज तुमच्याकडच्या गुरांनाच असेल. आमचे कंधारी बैल सरळ तोंडावर देतात.

मग प्रश्नामागून प्रश्न सुचू लागले. कोवळ्या गवताचा ढेकर आणि सोयाबीनच्या भुसकटाचा ढेकर सारखाच का? मॅडम म्हणाली, नाही, चारा जितका राठ तितका वायू साधारण जास्त. म्हणजे वानेरीला कोवळं गवत घालणं हे जगाच्या भल्याचं काम झालं की! (हे सिंधूला सांगितलं तर ती म्हणाली, मी कधीपासून करून राहिले, मला कुणी जीप दिली?) रवंथ न करणाऱ्या गाढवाचं काय? उंटाचं काय? माणसाचं काय? माझ्या ढेकरातही पृथ्वी तापवण्याची ताकद आहे का, असं जेवताना मोठ्यानं विचारलं. तुमच्या बहिणीनं ताटाकडे न बघता उत्तर दिलं, "तुमच्या ढेकरात निस्ता कांदा हाय." तो विषय तिथंच मिटला.

आता येळवशीची फजिती सांगतो. तुम्हाला येळवस काय सांगायची, पण मॅडमला नंतर समजावून सांगितली तशीच लिहितो, कारण सांगताना मलाही ती नव्यानं कळली. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आपल्याकडची गावं रिकामी होतात, सगळी माणसं रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपट, उभारायचं, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून एका ओळीत मांडायचे, भज्जी, म्हणजे हिरव्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची मिसळ, आणि आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा, फेऱ्या मारायच्या, आणि ती ताकातली आंबवलेली ज्वारीची आंबील रानभर शिंपडायची. यंदा येळवस तोंडावर आली तेव्हा मॅडम सुट्टीला घरी निघाली होती. मोजक्या गुरांच्या तुकड्यात तिनं पाच डबे एका ओळीत बसवून ठेवले होते, परत आल्याबरोबर त्यांतली हवा घ्यायची म्हणून. जाताना राखणदार रामलिंगला सांगून गेली की डबे उन्हानं तापतात, त्यांच्यावर सावली कर. रामलिंगनं सावली केली. त्याला बांधता येते ती एकच गोष्ट, कडब्याची कोप.

आता तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. मोकळं गायरान, मधोमध नवी कोरी कोप, आत पाच पांढरे शुभ्र पांडव, आणि अमावस्येची सकाळ. गायरानाला लागून नीलाबाईचं रान आहे. ती डोक्यावर टोपलं घेऊन चालली होती. तिनं जन्मात कुठली कोप बिनपुजेची सोडलेली नाही. ती थबकली आणि म्हणाली, "गायरानाची बी कोप केलीस का रे रामलिंग? लई बेस झालं. सगळ्यांच्या रानाला पांडव, अन् गायरान बिचारं कोरडंच ऱ्हायचं." रामलिंगला गावात आजवर कोणी चांगलं म्हटलेलं नव्हतं. तो छाती काढून म्हणाला, "हाव, केली." झालं. नीलाबाईनं हळद-कुंकू लावलं. पांडव फार हलके कसे लागतात म्हणून तिनं एक उचलून बघितला, तर आत देव नाही, नुसतं गवत. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. गायरानाचा देव गवतच असणार, असं म्हणून तिनं प्रत्येक डबा उचलला, आत वाटीभर आंबील आणि भज्जीचा घास ठेवला, आणि डबा जागच्या जागी हळूच झाकून ठेवला.

तिच्यामागून निम्मं गाव आलं. गायरान सगळ्यांचं, मग पुजायला मागं कोण राहणार! मीही गेलो आणि पाच फेऱ्या मारल्या. ते डबे मॅडमचे आहेत हे मला ठाऊक होतं, त्यात काय मोजतात तेही ठाऊक होतं. पण समोर कोप, हातात आंबिलीचा तांब्या आणि मागून सिंधू ढकलून राहिलेली, अशा वेळी विज्ञान आठवत नाही. माझ्या तांब्यातली आंबील मीही पोचवली. थोडी जास्तच पोचवली.

मॅडम परतली, हवा घेतली, बाटल्या गेल्या, आणि आकडे आले ते बघून ती चक्रावली. जिथं वायू सगळ्यांत कमी निघायला हवा, त्याच तुकड्यातून तो असा निघत होता की दाटीचा तुकडा त्याच्यापुढं लाजावा. तिनं आपल्या सरांना फोन लावला, सरांनी त्यांच्या सरांना. कोणाला वाटलं यंत्र बिघडलं, कोणाला वाटलं मराठवाड्याच्या काळ्या मातीत काही नवीनच सापडलं. मी तिथंच उभा होतो. शेवटी तिनं एक डबा उचलून नाक खाली नेलं, आणि तिथूनच माझ्याकडे बघितलं. सगळं सांगितलं मी. ती आधी मटकन खाली बसली, डोळ्यांत पाणी आलं, कारण कित्येक आठवड्यांची मेहनत वाया गेली होती. मला फार वाईट वाटलं. मग म्हणून गेलो की आंबील आंबवलेलीच असते, तेव्हा वायू निघणारच ना? ती डोळे पुसत हसायला लागली. म्हणाली, काका, प्रश्न बरोबर आहे. आणि दुसऱ्या दिवशी तिनं तारेबाहेर एक कोपरा आखला, सिंधूकडून मुद्दाम आंबील आंबवून घेतली, मोजून ओतली आणि त्यावर डबा घातला. त्या पाच डब्यांचं मोजमाप पुन्हा पहिल्यापासून केलं. पोर हुशार आहे आणि तिला राग फार वेळ धरता येत नाही, दोन्ही मोठे गुण आहेत.

या वेळी राखणीला मी स्वतः बसलो. बायकांच्या पदरांवरही नजर ठेवली. (आपल्या घरचा पदर तेवढा सुटला असेल.) आणि मग जे दिसलं ते आकड्यांशिवायही कळण्यासारखं होतं. मॅडमनं तिन्ही तुकड्यांतून गवताचा एकेक गड्डा मातीसकट उपटून पारावर ठेवला. दाटीच्या तुकड्यातलं गवत गुरांनी फुटायच्या आत पुन्हा पुन्हा कुरतडलेलं, मुळं बोटभर, माती खुरांनी विटेसारखी घट्ट. अगदी बंद ठेवलेल्या तुकड्यात गवत कमरेएवढं, पण वाळून राठ झालेलं, काडी पडली तर सगळं भडकेल असं. मोजक्या गुरांच्या गवताची मुळं मात्र हातभर लांब, आणि माती भुसभुशीत. ही मुळं आभाळातला कार्बन, म्हणजे एक प्रकारचा कोळसाच, जमिनीत गाडून ठेवतात, असं ती म्हणाली. मग गाईच्या ढेकराची त्यातून पूर्ण भरपाई होते का, असं मी विचारलं. त्यावर ती म्हणाली की पूर्ण होत नसावी, किती होते ते एका हंगामात सांगता येत नाही, जमीन, पाऊस, चारा सगळं बघावं लागतं. नाही माहीत ते नाही माहीत म्हणाली, म्हणून माझा तिच्यावर विश्वास बसला.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत विषय निघाला. गायरानाचे चार भाग करायचे, एका वेळी एकच चारायचा, बाकीच्यांना विसावा द्यायचा. पण गुरं एवढीच राहिली तर एका भागात परत दाटी होणार. मग काय करायचं? तेव्हा, पाव्हणे, मी उठलो. मुळं हातात धरून भाषण केलं. वायू, ढेकर, पृथ्वी, पुढच्या पिढ्या, काही म्हणून सोडलं नाही. आणि शेवटी आवाज चढवून म्हणालो की घरटी दोनच जनावरं चरायला सोडायची असा ठराव करा आणि तो मोडील त्याला गावानं जाब विचारावा. टाळ्या पडल्या. नीलाबाईनं सुद्धा वाजवल्या. ठराव पास. आणि त्या टाळ्यांच्या मध्ये माझी नजर बायकांच्या बाजूला गेली. सिंधू टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्याकडे बघून तीन बोटं दाखवत होती.

तेव्हापासून वानेरी दारात बांधलेली आहे. बैल निघाले की तीही उठून दाव्याला ताण देते आणि ते वळणाआड गेले तरी तिकडेच बघत उभी राहते. मला ते बघवत नाही. दारात किती दिवस पोसू? यंदा सगळं रान सोयाबीननं खाल्लं, ज्वारी पेरली नाही, म्हणजे कडब्याच्या नावानं शून्य. भुसकटाला ती तोंड लावत नाही. ठराव माझा, तेव्हा गुपचूप तिला गायरानात सोडण्याचीही सोय राहिली नाही.

असो. तुमचं ऊस-पाणी बरं असेल. तुमच्या सोमेशला अभ्यास करायला सांगा आणि हेही सांगा की गाय ढेकर देते, हे पुस्तकात नसलं तरी परीक्षेत लिहून ये. सरजावहिनींना नमस्कार. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांच्या पायावर डोकं.

तुमचा,
शेषेराव

ता. क. मूळ काम लिहायचं राहिलं. वानेरीला तुमच्या गोठ्यात ठेवून घ्या. तुमच्याकडे बांधावर गवत आहे, कडब्याची गंज आहे, आणि शेवटी ते तिचं आजोळच. लोह्याहून टेम्पो मिळतो, मी स्वतः सोबत येऊन बांधून जाईन. नाही म्हणू नका.

ता. क. दुसरा. यातलं सिंधूला काही माहीत नाही. तिला वाटतं मी तुम्हाला आंबिलीची कृती विचारून राहिलो. गाय जाते म्हटलं तर ती रडेल, आणि मला तिचं रडणं सोसत नाही. तेव्हा फोन करू नका. पत्रानं होकार कळवा, नंतर मी तिला सावकाश समजावतो.

ता. क. तिसरा. वानेरीच्या काही सवयी. बादलीत पाला पडलेला असला तर पाणी पीत नाही. गळपोळीखाली, म्हणजे गळ्याच्या लोंबत्या कातडीखाली, डाव्या बाजूला खाजवलं की मान खांद्यावर टाकते, तेव्हा हलू नये. दिवस मावळायच्या सुमारास कोणीतरी पोतं टाकून समोर बसावं लागतं, काही बोललं नाही तरी चालतं. कोणी बसलं नाही तर ती रवंथ सुरू करत नाही. निदान माझा तरी तसा अनुभव आहे.

दादा,

पाकीट चिकटवून टाकायला माझ्याकडंच दिलं यांनी. आंबिलीची कृती हे तुला कशाला विचारतील? आईनं मलाच शिकवली अन् मी तुझ्या बायकोला. म्हणून वाचलं.

गाय येणार न्हाई. मी रडीन म्हणतेत, मी न्हाई रडत. मॅडम आपल्या गावाला गेली, डबे गेले, तरी हे रोज सांजच्याला पोतं टाकून तिच्याम्होरं बसून राहिलेत. विचारलं तर म्हणतेत ढेकर बघून राहिलो. तिला तुझ्याकडं बांधली तर चार दिसांत हे बी तिथं येऊन बसतील. दोघांचं चारापाणी तुझ्याच्यानं होणार न्हाई.

सभेत दोन जनावरं चरायला सोडा म्हणलेत. दारात बांधून चारू नका असं कुणी म्हणलेलं न्हाई. ठराव यांचाच, पण टाळ्यांच्या नादात गाय धाडण्याऐवजी कडबा मागवता येतो हे यांच्या ध्यानात आलं न्हाई. यांना मी सांगितलं तर यांना वाईट वाटंल, म्हणून सांगत न्हाई. तू असं कर. यंदाची ज्वारी काढली की कडब्याच्या पेंढ्या टेम्पोत भरून धाड, अन् सोबत पत्र लिव्ह, गोठ्यात जागा न्हाई, गाय दारातच ठेवा, दारात बांधली तर ठराव मोडत न्हाई, चाऱ्याचं मी बघतो.

तुझ्या गोठ्यात जागा हाय हे मला ठाऊक हाय, दादा. तेवढं एक खोटं बहिणीसाठी लिव्ह.

सिंधू